किरणांचा नेम

इ. स. १९५६ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रुग्णालय त्या काळी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात होते. तेथे दोन वर्षांच्या एका मुलाला उपचारासाठी आणण्यात आले. डोळ्याच्या आतील पडद्यावर होणाऱ्या कर्करोगाने त्या बालकाला ग्रासले होते. एक डोळा आधीच काढून टाकावा लागला होता आणि आता दुसऱ्या डोळ्यातही गाठ दिसू लागली होती. तोही काढावा, तर मुलाला जन्मभर अंधारात राहावे लागणार. न काढावा, तर त्याच्या प्राणांवर बेतणार.

डॉ. हेन्री कॅप्लन यांनी तिसरा मार्ग धरला. एडवर्ड गिंझ्टन नावाच्या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी एक नवे यंत्र उभे केले होते. त्यात इलेक्ट्रॉन या सूक्ष्म विद्युत्कणांना प्रचंड वेग देऊन त्यांच्यापासून अतिशय प्रखर क्ष-किरण निर्माण करीत. या किरणांनी गाठ जाळून टाकता येईल, अशी डॉक्टरांना आशा होती. परंतु अडचण मोठी होती. गाठ मोहरीएवढी नसली तरी लहानच; तिच्यापुढे डोळ्याचे नाजूक भिंग आणि मागे मेंदू. किरण थोडा जरी इकडेतिकडे गेला, तरी ज्या दृष्टीसाठी एवढा खटाटोप चालला होता तीच जायची. म्हणून शिशाच्या जाड ठोकळ्याला एक बारीक छिद्र पाडण्यात आले. त्या छिद्रातून येईल तेवढाच किरण गाठीवर पडावा आणि बाकीचा शिशाने अडवावा, अशी ती योजना होती. मुलाला निश्चल ठेवून अनेक दिवस हा उपचार करण्यात आला. गाठ नाहीशी झाली. पुढे तो मुलगा मोठा झाला आणि त्याची दृष्टीही टिकून राहिली.

या यशाचे श्रेय यंत्राला आणि डॉक्टरांच्या धैर्याला आहेच. तथापि आणखी एका गोष्टीने त्यांना साहाय्य केले. डोळ्याला निसर्गाने बाहुलीची खिडकी ठेवली आहे. त्या खिडकीतून वैद्याला आत डोकावता येते आणि गाठ नेमकी कोठे आहे, ती रोज किती कमी होत आहे, हे प्रत्यक्ष पाहता येते. फुप्फुसाला, यकृताला किंवा मेंदूला अशी खिडकी नाही. तेथील गाठ पाहायची कशी? आणि जी दिसत नाही, तिच्यावर नेम धरायचा कसा?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी किरण शरीरात काय करतात ते पाहिले पाहिजे. मनुष्याचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी गरजेपुरत्या नव्या जन्मतात. कर्करोगात काही पेशी ही मर्यादा सोडून बेसुमार वाढू लागतात. त्यांची गाठ बनते आणि ती शेजारच्या निरोगी भागात शिरते. प्रखर क्ष-किरण अशा पेशींवर पडले, की पेशीच्या गाभ्यातील ज्या द्रव्यावर तिची पुढची पिढी अवलंबून असते, त्या द्रव्याचेच तुकडे होतात. पेशीची वाढ थांबते आणि ती मरते.

परंतु किरणांना शत्रू आणि मित्र कळत नाहीत. शेतात निंदणी करणारी बाई पीक कोणते आणि तण कोणते ते ओळखते आणि तणच उपटते. किरण हे वणव्यासारखे आहेत. वणव्याला आंबाही सारखा आणि निवडुंगही सारखाच. वाटेत येणाऱ्या निरोगी पेशींनाही ते इजा करतात. फरक एवढाच, की निरोगी पेशी आपली दुरुस्ती अधिक चांगली करू शकतात. म्हणूनच किरणांची सारी मात्रा एकदम न देता, थोडी थोडी करून अनेक आठवडे देतात. रात्रीच्या विसाव्यात निरोगी पेशी बऱ्याच सावरतात, गाठीतील पेशींना तेवढे सावरता येत नाही. तरीसुद्धा निरोगी भाग किरणांच्या वाटेतून जितका दूर ठेवता येईल तितका बरा. किरणोपचाराची सारी भिस्त अशी नेमावर आहे.

या किरणांचा शोध विल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथे लावला. बीजगणितात अज्ञात संख्येला ‘क्ष’ म्हणतात. या किरणांचे स्वरूपही तेव्हा अज्ञात होते, म्हणून ते क्ष-किरण झाले. त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला रंटगेनने आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात मांस धुक्यासारखे पुसट दिसत होते, आणि बोटांची हाडे व त्यांवरील अंगठी मात्र काळीभोर उमटली होती. जिवंत माणसाचे हाड चाकू न लावता दिसले, हे जगाला केवढे नवल वाटले असेल!

त्यानंतर थोड्याच महिन्यांत काही वैद्यांनी हेच किरण रोग बरा करण्यासाठी वापरून पाहण्यास सुरुवात केली. १८९८ साली मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध लावला, तेव्हा आणखी एक साधन हाती आले. त्वचेवरच्या काही गाठी किरणांनी विरून गेल्या. परंतु किरणांचे दुसरे रूपही लवकरच दिसले. एडिसन या प्रसिद्ध संशोधकाचा क्लॅरेन्स डॅली नावाचा साहाय्यक क्ष-किरणांच्या प्रयोगांत आपलेच हात वारंवार किरणांपुढे धरीत असे. त्याचे हात भाजले, त्या जखमांतून कर्करोग झाला, हात कापून टाकावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. अशा रीतीने किरणांना बळी पडलेल्या अनेक वैद्यांचे व शास्त्रज्ञांचे स्मारक जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९३६ साली उभारण्यात आले. ज्या किरणांनी कर्करोग बरा होतो, त्यांनीच तो होऊही शकतो, हे या माणसांनी आपल्या देहाचे मोल देऊन जगाला शिकविले.

आरंभीचे किरण दुबळे असत. त्यांतील बराचसा भाग कातडीतच जिरून जाई आणि खोलवरच्या गाठीपर्यंत थोडाच पोहोचे. ही उणीव पुढे भरून निघाली. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट या धातूच्या किरणोत्सर्गी रूपाचा उपयोग करणारी यंत्रे सुरू झाली. १९५३ साली लंडनमध्ये, इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या यंत्राने रुग्णांवर उपचार होऊ लागले. आता बाण दूरवर जाऊ लागला. पण लक्ष्य अजून अंधारातच होते.

रंटगेनचे छायाचित्र होतेच, मग लक्ष्य अंधारात कसे? दिव्यासमोर दोन्ही हात जुळवून भिंतीवर हरणाची सावली पाडण्याचा खेळ बहुतेक मुलांनी खेळलेला असतो. त्या सावलीकडे पाहून कोणते बोट पुढे आहे आणि कोणते मागे, हे सांगता येत नाही. सगळी बोटे मिळून एकच आकृती होते. क्ष-किरणांचे छायाचित्र ही अशीच एक सावली आहे. छातीच्या छायाचित्रात पुढच्या बरगड्या, हृदय, फुप्फुसे आणि पाठीचा कणा हे सारे एकमेकांवर पडतात. शिवाय हाडे ठळक उमटतात. मऊ मांसातली मऊ गाठ बहुधा उमटतच नाही.

म्हणून त्या काळी उपचाराची आखणी करणारे लोक शिशाची मऊ तार रुग्णाच्या छातीभोवती किंवा पोटाभोवती वाकवीत, ती अलगद काढून कागदावर ठेवीत आणि पेन्सिलीने बाहेरची रेषा ओढीत. त्या रेषेच्या आत गाठ कोठे असेल आणि पाठीचा कणा कोठे असेल, हे छायाचित्रांवरून आणि शरीररचनेच्या ज्ञानावरून अंदाजाने काढीत. अंदाज चुकू नये म्हणून गाठीच्या भोवतीचा बराच मोठा भाग किरणांखाली घ्यावा लागे. त्यामुळे निरोगी अवयव भाजत. ते भाजू नयेत म्हणून मात्रा कमी करावी, तर गाठ पुरती मरत नसे.

सॅन फ्रान्सिस्कोत त्या बालकावर उपचार झाले, त्याच वर्षी तेथून हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप टाऊन शहरात एक तरुण प्राध्यापक याच अडचणीपाशी येऊन थबकला होता. त्याचे नाव ॲलन कॉर्मॅक. तो तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत असे. शहरातील ग्रुट स्क्युअर रुग्णालयातील पदार्थविज्ञानवेत्ता नोकरी सोडून गेला होता आणि किरणोत्सर्गी द्रव्यांच्या वापरावर जाणत्या माणसाची देखरेख असलीच पाहिजे, असा देशाचा कायदा होता. त्या विषयाचा माहीतगार शहरात कॉर्मॅकच होता. म्हणून १९५६ च्या पहिल्या सहामाहीत त्याने आठवड्यातून दीड दिवस रुग्णालयात यावे, असे ठरले.

कॉर्मॅकने तेथे किरणोपचाराची आखणी पाहिली. किरण शरीरात किती खोलवर किती उरतो, हे ज्या तक्त्यांवरून काढीत, त्यांत सबंध शरीर एकाच घट्टपणाचे आहे, असे धरलेले असे. प्रत्यक्षात फुप्फुसात हवा भरलेली असते. तेथून किरण सहज पार होतो. हाडात तो अधिक जिरतो. मग गाठीपर्यंत नेमकी किती मात्रा पोहोचली, हे कोण सांगणार? कॉर्मॅकला वाटले, प्रत्येक रुग्णाच्या शरीराच्या आत कोठे किती घट्टपणा आहे, हे शरीर न उघडता बाहेरून मोजता आले पाहिजे. आणि हा प्रश्न मुळात गणिताचा आहे, हे त्याने ओळखले.

ते गणित लहान प्रमाणावर करून पाहण्यासारखे आहे. एका चौकोनाची चार घरे करावी: दोन वर, दोन खाली. प्रत्येक घरात एकेक संख्या लपविलेली आहे असे समजावे. वरच्या ओळीची बेरीज ६ आणि खालच्या ओळीची ९ आहे. डाव्या रकान्याची बेरीज ३ आणि उजव्याची १२ आहे. एवढ्यावरून संख्या ठरत नाहीत. वर १ आणि ५, खाली २ आणि ७ हेही बसते. वर २ आणि ४, खाली १ आणि ८ हेही बसते. पण वरच्या डाव्या घरातून खालच्या उजव्या घराकडे जाणारी तिरपी बेरीज ८ आहे, एवढे कळले, की दुसरे उत्तर गळून पडते आणि १, ५, २, ७ हेच खरे ठरते. क्ष-किरण शरीरातून पार होतो तेव्हा वाटेतील सर्व ठिकाणी मिळून तो किती जिरला, याची बेरीजच बाहेरच्या मापकावर येते. एकाच दिशेने पाहिले, तर ती सावली होय. आडव्या, उभ्या आणि तिरप्या अशा असंख्य दिशांनी बेरजा घेतल्या, तर प्रत्येक घरातील संख्या काढता येते. ती संख्या म्हणजे त्या जागेचा घट्टपणा. घट्ट जागा पांढरी आणि विरळ जागा काळी रंगवली, की शरीराच्या आडव्या कापाचे चित्र तयार होते. जणू काकडीची चकती कापून हातात घेतली, पण काकडी अखंडच राहिली!

१९५७ साली कॉर्मॅकने याचा साधा प्रयोग केला. अ‍ॅल्युमिनियमची एक वाटोळी चकती आणि तिच्याभोवती ओकच्या लाकडाचे कडे घेऊन त्याने त्यातून कोबाल्टचे किरण सोडले. मोजमाप गणिताशी जुळले. फक्त अगदी मध्याजवळचे आकडे किंचित वेगळे आले. कॉर्मॅकने यंत्रशाळेत चौकशी केली. तेव्हा कळले, की त्या चकतीच्या मध्यभागी थोड्या वेगळ्या अ‍ॅल्युमिनियमची एक खुंटी बसविलेली होती. करणाऱ्या कारागिराखेरीज कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट किरणांनी आणि गणिताने उघड केली होती.

पुढे अमेरिकेत गेल्यावर कॉर्मॅकने आपले गणित पूर्णत्वास नेले आणि १९६३ व १९६४ साली दोन लेख प्रसिद्ध केले. वैद्यकीय जगाने त्यांची जवळजवळ दखलच घेतली नाही. लेखाची प्रत मागणारे एक पत्र मोठे मजेदार होते. ते स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडून आले होते! डोंगरावर साठलेल्या बर्फाच्या पोटात डोकावता आले तर त्या लोकांना ते हवे होते. मोठमोठ्या रुग्णालयांना जे उमगले नाही, ते बर्फ पाहणाऱ्या माणसांच्या ध्यानात यावे, याला काय म्हणावे?

गणित तयार होते; यंत्र मात्र निराळ्याच माणसाच्या हातून घडायचे होते. इंग्लंडमधील गॉडफ्रे हाउन्सफील्ड याने कॉर्मॅकचे लेख पाहिलेही नव्हते. शेतावर वाढलेला हा मुलगा यंत्रे खोलण्यात आणि जोडण्यात रमत असे. विद्यापीठाची पदवी त्याने कधी घेतली नाही. ज्या कंपनीत तो काम करी, तिचा मोठा व्यवसाय गाण्यांच्या तबकड्यांचा होता. कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्या कंपनीचा माल पाहिलेलाच आहे. १९६७ च्या सुमारास हाउन्सफील्डच्या मनात विचार आला, की एखाद्या बंद खोक्यातून सर्व दिशांनी किरण सोडून मोजमाप घेतले, तर आत काय आहे ते गणकयंत्राकडून काढून घेता येईल.

त्याचे पहिले यंत्र एका जुन्या लेथवर बसविलेले होते. एका चित्रासाठी लागणारी सुमारे २८,००० मापे घेण्यास नऊ दिवस लागले आणि ती सोडविण्यास गणकयंत्राला अडीच तास. खाटीकखान्यातून आणलेल्या जनावरांच्या मेंदूंवर त्याने प्रयोग केले. ते तो स्वतः लंडनभर नेत असे. अखेर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीचे चित्र घेण्यात आले. ८० ओळी आणि ८० रकाने, म्हणजे ६,४०० घरांचे ते चित्र आजच्या मानाने ओबडधोबडच होते. पण मेंदूतील वाटोळी पोकळी त्यात स्वच्छ दिसली. शस्त्रक्रियेत ती चित्रात होती तशीच आढळली. आठ वर्षांनी, १९७९ साली, कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड या दोघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोघांपैकी एकही वैद्य नव्हता.

हे यंत्र म्हणजेच आज गावोगावी ठाऊक असलेले ‘सी. टी. स्कॅन’. अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसापासून क्षयाच्या रोग्यापर्यंत सर्वांना त्याचा उपयोग झाला. पण त्याचा मूळ प्रश्न ज्या दालनात जन्मला होता, त्या किरणोपचाराच्या दालनात ते परत आले, तेव्हा तेथील सारी रीतच बदलून गेली.

आपल्याकडील एखाद्या रुग्णाचे उदाहरण घेतले, म्हणजे हा बदल ध्यानात येईल. तंबाखूच्या व्यसनामुळे भारतात तोंडाचा आणि घशाचा कर्करोग फार आढळतो. असा एखादा शेतकरी किरणोपचारासाठी आला, की प्रथम त्याचा मुखवटा तयार करतात. प्लॅस्टिकची एक जाळीदार पाटी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ठेवतात. ती काही मिनिटांत थंड होऊन चेहऱ्याच्याच आकाराची घट्ट होते. तिच्या कडा मेजाला अडकवल्या, की डोके रोज त्याच जागी राहते. मुखवटा घालूनच त्याचा सी. टी. स्कॅन काढतात. त्यात दोन-तीन मिलिमीटर अंतराने डोक्याच्या व मानेच्या शेकडो चकत्या पडद्यावर दिसतात.

मग डॉक्टर प्रत्येक चकतीवर गाठीची सीमा आखतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू, डोळ्यांकडे जाणाऱ्या शिरा, कानाखालच्या लाळग्रंथी हेही वेगवेगळ्या रंगांनी आखतात. अलीकडे ही आखणी पुष्कळदा संगणक करून देतो आणि डॉक्टर ती तपासून दुरुस्त करतात. चित्रात जे दिसते तेवढेच खरे, असे मानून मात्र चालत नाही. गाठीतून निघालेले पेशींचे बारीक धागे कोणत्याही चित्रात उमटत नाहीत. ते कोठपर्यंत गेले असतील, हे अनुभवाने ताडून सीमा थोडी वाढवावी लागते. येथे यंत्राचे डोळे थकतात आणि वैद्याची बुद्धी पुढे होते.

सी. टी. स्कॅनमध्ये जेथे गाठ आणि शेजारचा भाग सारखाच दिसतो, तेथे दुसऱ्या चित्रांची मदत घेतात. प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने काढलेल्या एम. आर. आय. चित्रात मेंदूसारखे मऊ भाग अधिक स्पष्ट होतात. ‘पेट’ स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर शिरेतून देतात. बऱ्याच गाठी अधाशासारखी साखर ओढून घेतात आणि चित्रात दिव्यासारख्या उजळतात. ही सर्व चित्रे एकावर एक बसवून पाहिली जातात.

आखणी झाली, की पदार्थविज्ञानवेत्ता गणित मांडतो. एकाच दिशेने किरण सोडला, तर वाटेतले सारे भाजेल. म्हणून अनेक दिशांनी किरण सोडतात. गावाच्या चारी वाटा जशा पारापाशी येऊन मिळतात, तसे हे किरण गाठीपाशी एकत्र होतात. प्रत्येक वाटेवर मात्रा थोडी, गाठीवर मात्र सर्वांची मिळून मोठी. यंत्राच्या तोंडाशी धातूच्या अनेक पातळ पट्ट्या असतात. त्या पुढेमागे सरकून किरणाला गाठीच्या आकाराचे करतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या शिशाच्या ठोकळ्यातील छिद्राचे हे आजचे रूप होय. आणि किरण कोठे किती जिरेल, याचे गणित सी. टी. स्कॅनमधील घट्टपणाच्या आकड्यांवरूनच होते. कॉर्मॅकने केप टाऊनमध्ये विचारलेला प्रश्न तो हाच.

एवढ्या खटाटोपाने रुग्णाला काय मिळते? कानाखालच्या लाळग्रंथी भाजल्या, तर तोंडाला कोरड पडते आणि ती पुष्कळदा कायमची राहते. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, दात किडतात, बोलताना जीभ टाळूला चिकटते. रोग गेला तरी जेवणाचे सुख गेलेले असते. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर जुन्या आणि नव्या पद्धतींची तुलना करण्यात आली व तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. उपचार सुरू झाल्यानंतर वर्षभराने, जुन्या पद्धतीने उपचार केलेल्या शंभरांपैकी ७४ जणांना तोंडाच्या कोरडेपणाचा बराच त्रास होता. लाळग्रंथींना चुकवून किरण देण्याच्या पद्धतीत हे प्रमाण शंभरांत ३८ एवढेच होते. ग्रंथी नेमकी कोठे आहे हे दिसले, म्हणूनच ती चुकवता आली.

तरीही एक अडचण उरतेच. चित्र एका दिवशीचे आणि उपचार पुढचे सहा-सात आठवडे. तेवढ्या काळात माणूस वाळतो, गाठ आकसते. फुप्फुसातील गाठ तर प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होते आणि पोटातील अवयव मूत्राशय भरले की सरकतात. काल काढलेल्या नकाशावरून आज चालावे, तर वाट चुकायची. म्हणून आताच्या पुष्कळ यंत्रांना चित्र घेणारे डोळे जोडलेले असतात. किरण देण्यापूर्वी ताजे चित्र घ्यायचे, ते पहिल्या चित्रावर बसवायचे आणि फरक दिसला तर मेज तेवढे सरकवायचे. या चित्रांतही थोडे किरण खर्च होतात. म्हणून ती गरजेपुरतीच काढतात.

मुंबईला या विद्येची परंपरा जुनी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजीही पुढच्याच वर्षी निवर्तले. परंतु त्यांनी मागे ठेवलेल्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. परदेशी यंत्रे अतिशय महाग पडत, म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी कोबाल्टचे उपचारयंत्र देशातच तयार केले. डॉ. होमी भाभा यांच्या स्मरणार्थ त्याला ‘भाभाट्रॉन’ असे नाव दिले. भारताने असे एक यंत्र व्हिएतनामलाही दिले. उपचारापूर्वी चित्र घेऊन नेम ठरविण्यासाठी लागणारे यंत्रही याच केंद्राने बनविले आहे. नुसता बाण देऊन भागत नाही, हे तेथील शास्त्रज्ञ जाणून होते.

किरणोपचाराच्या खोलीच्या भिंती हातभर नव्हे, चांगल्या पुरुषभर जाडीच्या असतात. सकाळी आपली पाळी आली, की तो शेतकरी आत जाऊन मेजावर उताणा निजतो. तंत्रज्ञ मुलगी मुखवटा चढवते, कडा अडकवते आणि म्हणते, “बाबा, आता हलू नका हं. श्वास नेहमीसारखाच घ्या.” ती बाहेर जाते, जड दार बंद होते. यंत्राचा बाहू रुग्णाभोवती एक फेरी घालतो आणि बाहेरच्या पडद्यावर आजचे चित्र उमटते. ते पहिल्या दिवशीच्या चित्रावर ठेवले जाते. जबड्याचे हाड जुळत नाही. तीन मिलिमीटरांचा फरक आहे. ती मुलगी आकडा टिपते, कळ दाबते, आणि आतले मेज ज्वारीच्या एका दाण्याइतके डावीकडे सरकते. मग किरण सुरू होतात. रुग्णाला त्यांची ऊबही लागत नाही.